अजून, कधी, आधी, पासून : प्रेझेंट परफेक्टची गोची या चार मराठी शब्दांत आहे

मृण्मयी_नाशिक

नाशिकला मी रोज संध्याकाळी सात ते साडेआठ मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग घेते. दुकानात काम करणारे, लॅबमधल्या मुली, बँकेच्या परीक्षा देणारे, आणि परदेशातल्या नातवंडांशी बोलता यावं म्हणून येणाऱ्या दोन आज्या. बहुतेक सगळे मराठी माध्यमातले. 'हॅव किंवा हॅज, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप' हे सगळ्यांना पाठ आहे. काळ ओळखा म्हटलं की ओळखतात. बोलायची वेळ आली की मात्र हा काळ हातातून निसटतो.

परवा वर्गातली एक मुलगी मुलाखत देऊन आली. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती चार वर्षं काम करते आहे, आजही करते. मुलाखतीत तिने सांगितलं, 'आय वर्क्ड इन अ लॅब फॉर फोर इयर्स.' समोरून प्रश्न आला, मग सोडलं का? ही गडबडली, सोडलेलं नाही म्हणाली. मग वर्क्ड का म्हणालात? तिथून पुढे तिला एकही वाक्य धड बोलता आलं नाही. वर्गात येऊन बाकावर डोकं टेकून बसली होती.

तिचं वाक्य शुद्ध होतं. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. फक्त ते नोकरी सोडलेल्या माणसाचं वाक्य होतं. 'आय हॅव वर्क्ड' म्हणाली असती तर तेच 'फॉर फोर इयर्स' आजपर्यंत येऊन पोहोचलं असतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की हा काळ आपण उलटा शिकवतो. आधी सूत्र आणि शेवटी 'या काळात पुढील क्रियाविशेषणे येतात' अशी यादी. खरं तर क्रियाविशेषणापासूनच सुरुवात करायला हवी. मी वर्गात वहीचं पान दाखवते. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2015 ही उलटलेली पानं. तिथे साधा भूतकाळ. टुडे, धिस वीक, सो फार, येट, ऑलरेडी, जस्ट, एव्हर, नेव्हर, लेटली हे चालू पान, अजून लिहिणं संपलेलं नाही. तिथे हॅव. सकाळी अकरा वाजता 'आय हॅव हॅड थ्री कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' बरोबर. तेच दुपारी चार वाजता सांगायचं तर 'आय हॅड', कारण सकाळचं पान उलटलं.

मराठीत ही अडचण येतच नाही. 'मी काल फाइल पाठवली आहे' हे निर्दोष मराठी आहे. काल आणि आहे एकाच वाक्यात सुखाने नांदतात. तेच शब्दशः इंग्रजीत नेलं की 'आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे' होतं, आणि इंग्रजी कानाला ते खटकतं.

पण त्याहून मोठी गोची आपल्या चार शब्दांची आहे असं मला वाटतं. अजून, कधी, आधी, पासून. मराठीत यांतला प्रत्येक शब्द दोन-तीन कामं करतो आणि इंग्रजीत त्या प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवलेला आहे. दोनांबद्दल मी लिहिते, बाकीचं तुम्ही सांगा.

अजून. 'तो अजून आला नाही', 'तो अजून तिथेच आहे', 'अजून एक पोळी घे'. पहिल्यात येट, दुसऱ्यात स्टिल, तिसऱ्यात मोअर किंवा अनदर. आणि पहिल्यातही खरं तर दोन वाक्यं लपलेली आहेत. 'ही हॅजन्ट कम येट' म्हणजे आलेला नाही, येईल. 'ही स्टिल हॅजन्ट कम' म्हणजे एव्हाना यायला हवा होता, काय झालं असेल? मराठीत आपण हा फरक आवाजाने करतो, किंवा 'अजूनही', 'अजूनसुद्धा' म्हणतो. इंग्रजीत शब्दच बदलतो आणि त्याची जागाही. येट शेवटी, स्टिल 'हॅजन्ट'च्या आधी. मुलं 'ही हॅजन्ट स्टिल कम' लिहितात, कारण ऑलरेडी, जस्ट, नेव्हर हे सगळे हॅवच्या नंतर बसतात, मग स्टिलही तिथेच बसवायचा असं त्यांना वाटतं. नकारात स्टिलची जागा हॅवन्टच्या आधी.

कधी. 'कधी आलास?' आणि 'कधी लंडनला गेला आहेस का?' शब्द एकच. पहिल्यात व्हेन, म्हणजे तारीख, वार, वेळ विचारली. पान उलटलेलं, म्हणून 'व्हेन डिड यू कम?' दुसऱ्यात एव्हर, म्हणजे आजवरच्या आयुष्यात एकदा तरी? आयुष्य चालू आहे, म्हणून 'हॅव यू एव्हर बीन टू लंडन?' हे वेगळं सांगितलं नाही की 'व्हेन हॅव यू कम?' असं वाक्य तयार होतं. माझ्या वर्गात आठवड्यातून एकदा तरी होतं.

आणि 'कधीच' तर त्याहून अवघड. 'तो कधीच गेला नाही' म्हणजे नेव्हर. 'तो कधीच गेला' म्हणजे केव्हाचाच गेला, लाँग अगो. शेवटचा 'नाही' काढला की अर्थ पार उलटा होतो. एका विद्यार्थ्याने 'बस कधीच गेली'चं भाषांतर 'द बस हॅज नेव्हर गॉन' असं केलं होतं. मला त्यात निष्काळजीपणा दिसला नाही, कारण त्याने कधीच या शब्दाला दरवेळी दिलं जाणारं उत्तर इमानदारीने दिलं होतं.

तुम्ही कसं शिकलात, कसं शिकवता, कुठे अडता, ते लिहा. इंग्रजी वाक्यं मी देवनागरीतच लिहिते आहे. वर्गातही तेच करतो, मोठ्याने म्हणायला बरं पडतं.

सह्यकडा

मृण्मयीताई, फार गरजेचा धागा. हिंजवडीत नोकरी करतो. आमच्याकडे दिवसाला शंभर मेल जात असतील तर त्यातल्या वीसांत 'आय हॅव सेंट यू द फाइल यस्टरडे' असतंच. मीही लिहितो. आज कळलं की ते मराठीतून येतं. मला वाटायचं हॅव लावलं की जरा अदबशीर होतं.

माझा प्रश्न जागेबद्दल. 'द फाइल हॅज ऑलरेडी बीन सेंट' की 'हॅज बीन ऑलरेडी सेंट'? दोन्ही वाचलेत.

मृण्मयी_नाशिक

पहिलं. दोन साहाय्यक क्रियापदं असली की ऑलरेडी, जस्ट, नेव्हर, ऑलवेज हे पहिल्याच्या लगेच नंतर बसतात. हॅज ऑलरेडी बीन सेंट, हॅज जस्ट बीन अप्रूव्ह्ड. आणि क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये शिरू द्यायचं नाही. 'आय हॅव सेंट ऑलरेडी द फाइल' चालत नाही. मराठीत 'मी फाइल आधीच पाठवली', 'आधीच मी फाइल पाठवली', 'फाइल मी पाठवली आधीच' तिन्ही चालतात, म्हणून आपल्याला तिथे काही खटकत नाही. ऑलरेडी अगदी शेवटी चालतो: 'आय हॅव सेंट द फाइल ऑलरेडी'. येट शेवटीच बरा. औपचारिक लिखाणात 'हॅज नॉट येट बीन अप्रूव्ह्ड' असा मध्येही येतो.

अदबीचं म्हणालात ते खरं आहे. पुष्कळांना हॅव नम्र वाटतो. पण काल पाठवलं असेल तर 'आय सेंट इट यस्टरडे' यात काहीही उद्धट नाही.

लीड्सची_नर्स

मिरजेत नर्सिंग शिकले, आता इंग्लंडमध्ये वॉर्डात काम करते. 'येट' आणि 'स्टिल'चा फरक मी इथे येऊन शिकले, आणि तो किती मोठा आहे ते सांगते.

रात्रपाळी संपताना आम्ही सकाळच्या नर्सला प्रत्येक पेशंटची माहिती देतो. ऑपरेशन झालेल्या पेशंटला लघवी झाली का, हे सांगायचं असतं. 'ही हॅजन्ट पास्ड युरिन येट' असं म्हटलं तर समोरची मान हलवते, लिहून घेते. दोन तासच झालेत, होईल. 'ही स्टिल हॅजन्ट पास्ड युरिन' म्हटलं तर ती लिहायची थांबते आणि विचारते, किती तास झाले? डॉक्टरांना कळवलं का? तोच पेशंट, तीच गोष्ट. सुरुवातीच्या दिवसांत मी सगळीकडे येट म्हणायचे, कारण शाळेत नकारात येट असंच शिकवलं होतं. एकदा माझ्या सिनियरने बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की तुला काळजी वाटत असेल तर ती तुझ्या वाक्यात ऐकू येत नाही. ते मी विसरलेले नाही.

दुसरं. इथे बोलताना हॅव ऐकूच येत नाही. 'आय हॅव जस्ट गिव्हन हिम हिज टॅब्लेट्स' हे कानावर 'आव्ह जस्ट गिव्हन' असं पडतं, घाईत तर तो 'व्ह'ही जातो. मग काळ कळतो कशावरून? जस्टवरून. क्रियाविशेषणापासून शिकवा म्हणता ते ऐकण्याच्या बाजूनेही पटतं.

गार्गी_प

वाचते आहे. मृण्मयी, तुझा 'काल आणि आहे एकत्र नांदतात' हा मुद्दा वाचून एकदम जर्मन आठवलं. मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनला शिकले. जर्मनमध्ये 'इश हाबे इन गेस्टर्न गेझेन' अगदी रोजचं वाक्य आहे. शब्दशः 'आय हॅव हिम यस्टरडे सीन'. हाबे म्हणजे हॅव, गेस्टर्न म्हणजे काल. रचना हुबेहूब इंग्रजीसारखी, इंग्रजीची सख्खी बहीण, पण तिथे कालला मज्जाव नाही. फ्रेंचमध्येही 'काल'बरोबर हॅववाला काळ सर्रास चालतो. म्हणजे खटकणं हा काही वैश्विक तर्क नाही, ती इंग्रजीची स्वतःची रीत आहे. वोल्फगांग क्लाइन या भाषाशास्त्रज्ञाने 1992 मध्ये नेमक्या याच प्रश्नावर लेख लिहिला आहे, त्याचं नावच 'द प्रेझेंट परफेक्ट पझल'. हॅव वर्तमानातला आहे तर मग भूतकाळाची तारीख का सोसत नाही, हे कोडं.

मला हे कळल्यावर फार हलकं वाटलं होतं. आपण चुकतो ते अडाणी म्हणून नाही. आपली भाषा या बाबतीत जर्मनच्या बाजूला आहे.

दत्ता_मास्तर

रत्नागिरी जिल्ह्यात चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी मराठी शाळांत पाचवीत एबीसीडी. मी दोन्ही पिढ्या शिकवल्या. पहिलीपासूनवाली मुलं धीट झाली, पण 'हॅव... यस्टरडे' दोघांतही सारखंच.

मृण्मयीबाई, तुम्ही सोडलेल्या दोन शब्दांपैकी पासून मी घेतो, कारण त्याने मला सगळ्यात जास्त छळलं.

'मी 2010 पासून इथे राहतो' आणि 'मी दहा वर्षांपासून इथे राहतो'. मराठीत दोन्हीकडे पासून आणि दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. म्हणून मूल लिहितं, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स'. यात दोन चुका एकमेकींच्या हातात हात घालून आलेल्या आहेत. एक, काळ. इंग्रजीत 'हॅव लिव्ह्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग'. दोन, सिन्स. सिन्सला सुरुवातीचा खुंटा लागतो: 2010, सोमवार, लग्न झाल्यापासून. फॉरला दोराची लांबी लागते: दहा वर्षं, तीन दिवस, बराच काळ.

मी फळ्यावर खुंटा काढायचो आणि त्याला गाय बांधायचो. खुंट्याचं नाव सिन्स, दोराचं नाव फॉर. गाय चरते आहे ती आज. कोकणातल्या मुलांना यापुढे काही समजवावं लागत नसे.

आणखी एक युक्ती. पासून विसरा आणि जुन्या मराठीचं बोट धरा. 'गेली दहा वर्षं मी इथे राहतो'. आमची आजी असंच बोलायची. यात पासून नाहीच, म्हणून सिन्स येतच नाही, सरळ 'फॉर द लास्ट टेन इयर्स' होतं. 'सिन्स लास्ट टू इयर्स', 'फ्रॉम लास्ट टू इयर्स', 'सिन्स लाँग' हे जे सगळीकडे ऐकू येतं ते 'पासून'चं भाषांतर आहे. मुलाला आधी मराठी वाक्य बदलायला लावलं की इंग्रजी आपोआप सुधारतं. हे मी अनुभवाने सांगतो.

सह्यकडा

मास्तर, गाय आणि खुंटा! माझ्या मेलमध्ये 'आय ॲम वर्किंग ऑन धिस सिन्स थ्री डेज' आजच गेलंय.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतून थोडी भर. इथे बोलताना 'डिड यू ईट येट?', 'आय जस्ट एट', 'आय ऑलरेडी टोल्ड हिम' असं सर्रास चालतं. म्हणजे जस्ट, येट, ऑलरेडी असूनही साधा भूतकाळ. शिकलेली माणसंही असंच बोलतात, कोणी चूक मानत नाही. 'हॅव यू ईटन येट?' हेही चालतंच. ब्रिटिश पुस्तकातून शिकून इथे आलेला माणूस पहिल्या आठवड्यात गोंधळतो, मीही गोंधळलो होतो. पण 'हॅव... यस्टरडे' मात्र इथेही खटकतंच. आणि सिन्सबरोबर हॅव इथेही हवाच.

तेव्हा पान उलटलं की हॅव बंद, हा नियम दोन्हीकडे सारखा. चालू पानावर अमेरिकन माणूस थोडा मोकळा.

मांडवीकाठ

पणजीहून. माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकले होते, त्यांच्यामुळे थोडी पोर्तुगीज येते. गार्गीने जर्मन सांगितलं तर ही दुसऱ्या टोकाची गंमत पाहा. पोर्तुगीजमध्येही हॅवसारखं रूप आहे, 'तेन्यु लीदु', शब्दशः 'आय हॅव रेड'. पण त्याचा अर्थ 'मी वाचलं आहे' असा होत नाही. 'हल्ली मी वाचत असतो', पुन्हा पुन्हा, सध्या. म्हणून त्याच्याबरोबर 'लेटली' या अर्थाचा शब्द शोभतो. 'मी हे पुस्तक आधीच वाचलंय' म्हणायला ते साधा भूतकाळ वापरतात. आजोबा इंग्रजी बोलताना 'आय ऑलरेडी रेड इट' म्हणायचे. घरात सगळे सुधारायचे त्यांना. आज कळतंय की ते त्यांच्या पोर्तुगीजमधून येत होतं.

एकाच साच्याची तीन रूपं, आणि प्रत्येक भाषेने आपल्या क्रियाविशेषणांशी वेगळा करार केलेला.

रानवाटा

मला जरा वेगळं म्हणायचं आहे. कोट्यवधी भारतीय 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' म्हणतात आणि सगळ्यांना समजतं. गार्गी म्हणते ही इंग्रजीची नुसती रीत आहे. मग आपल्या इंग्रजीची वेगळी रीत का असू नये? मेलबर्नला राहणारा माझा भाऊ सांगतो की तिकडे पोलिस किंवा फुटबॉल खेळाडू घडलेला प्रसंग सांगताना सर्रास 'ही हॅज देन टर्न्ड' असं बोलतात. त्यांना कोणी वर्गात बसवत नाही. आपल्या माणसाला एका यस्टरडेवरून कमी लेखणं मला आवडत नाही.

मृण्मयी_नाशिक

रानवाटा, कमी लेखणं मलाही आवडत नाही, आणि तुमचं म्हणणं मी मनावर घेतलं आहे. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे'मुळे कुणाचं काही अडत नाही. अर्थ पोहोचतो. वर्गात मी ते सुधारते, पण त्यावर तास घालवत नाही.

पण सगळ्या चुका तशा नाहीत. लॅबमधल्या मुलीच्या वाक्यात चूक नव्हतीच, तरी तिची नोकरी भूतकाळात गेली. लीड्सच्या ताईंच्या पेशंटची काळजी 'येट'मध्ये हरवली. जिथे अर्थ बदलतो तिथे मी हट्ट धरते. माझ्या माणसांनी आपलं म्हणणं नेमकं सांगावं आणि समोरच्याने तेच ऐकावं, एवढ्याचसाठी.

आता आधी. हा राहिलाच.

'आधी हात धू' म्हणजे फर्स्ट. 'मी हे आधी पाहिलंय' म्हणजे बिफोर. 'मी आधीच सांगितलंय' म्हणजे ऑलरेडी. 'दोन दिवसांआधी', 'दोन दिवसांपूर्वी' म्हणजे अगो. बिफोर आणि अगो या दोघांत सगळ्यात जास्त घोळ होतो. 'आय हॅव सीन धिस बिफोर' बरोबर, कारण 'आधी' म्हणजे आजवर कधीतरी, तारीख नाही. पण 'टू डेज' लावलं की तारीख आली, पान उलटलं, मग बिफोर जाऊन अगो आणि हॅव जाऊन साधा भूतकाळ: 'आय सॉ इट टू डेज अगो'. 'बिफोर टू डेज आय हॅव सीन' हे आपलं खास वाक्य आहे.

ऑलरेडीचं आणखी एक काम आहे जे आधीचने होत नाही. 'हॅव यू ईटन येट?' म्हणजे 'जेवलास का?' साधी विचारपूस. 'हॅव यू ईटन ऑलरेडी?' म्हणजे 'जेवलास पण?' एवढ्यात? मराठीतला हा शेवटचा 'पण' मला फार आवडतो. आलास पण? संपलं पण? गेली पण बस? त्यात जे आश्चर्य आहे तेच प्रश्नातल्या ऑलरेडीत आहे. वर्गात 'आधीच'शी जोडी लावली तेव्हा कुणाच्या गळी उतरेना. 'पण'शी लावली आणि पाच मिनिटांत काम झालं.

लीड्सची_नर्स

'जेवलास पण?' वाचून घरची आठवण आली. अगदी बरोबर.

'गॉन' आणि 'बीन'बद्दल कोणी लिहिलं नाही. 'ही हॅज गॉन टू एक्सरे' म्हणजे पेशंट तिथे आहे, खाट रिकामी. 'ही हॅज ऑलरेडी बीन टू एक्सरे' म्हणजे जाऊन आलाय. मराठीत हे आपण किती सहज करतो: गेलाय आणि जाऊन आलाय. मी नवीन मुलींना हेच सांगते, 'जाऊन आलाय' म्हणायचं असेल तर बीन. एव्हरबरोबर तर जवळजवळ नेहमीच बीन, कारण 'कधी जाऊन आलीस का?' असाच तो प्रश्न असतो.

दत्ता_मास्तर

वा, बाई. 'जाऊन आलाय' हे सोनं आहे. हे मला चौतीस वर्षांत सुचलं नाही.

याच अंगाने एक सांगतो. 'माझं पत्र लिहून झालंय', 'माझं जेवून झालंय', 'बघून झालाय सिनेमा'. इंग्रजी हॅवसुद्धा मुळात असाच आला. 'आय हॅव द लेटर रिटन', म्हणजे माझ्याकडे पत्र लिहिलेल्या अवस्थेत आहे. त्यातून 'आय हॅव रिटन द लेटर'. म्हणून या काळाचं लक्ष काम कधी केलं याकडे नसतं, आज हातात काय आहे याकडे असतं. 'लिहून झालंय'बरोबर तुम्हालाही 'काल' जरा अवघडल्यासारखा वाटेल. 'माझं काल लिहून झालं' म्हणतो आपण, 'झालंय' तितकं पटकन येत नाही. मुलाला इंग्रजीचा हा कान द्यायचा असेल तर 'पाठवली आहे'ऐवजी 'पाठवून झाली आहे' असं म्हणायला लावा.

गार्गी_प

मास्तर, हे मी स्वतःवर करून पाहिलं. 'माझं काल पाठवून झालंय' खरंच अडखळलं. आणि 'अजून पाठवून झालेली नाही', 'आत्ताच पाठवून झाली', 'केव्हाच पाठवून झाली' सगळी छान बसली. येट, जस्ट, ऑलरेडी.

एक शंका. 'नुकताच' आणि 'जस्ट' एकच ना? आणि 'जस्ट नाऊ'?

मृण्मयी_नाशिक

नुकताच हा मोठा गोड शब्द आहे, क्रियाविशेषण असून कर्त्याप्रमाणे बदलतो: तो नुकताच आला, ती नुकतीच आली, ते नुकतेच आले. अर्थाने मात्र तो जस्ट आणि रिसेंटली या दोघांत वाटला जातो. पाच मिनिटांपूर्वी असेल तर 'शी हॅज जस्ट अराइव्ह्ड', पंधरा दिवसांपूर्वी नोकरी लागली असेल तर 'शी हॅज रिसेंटली जॉइन्ड'. रिसेंटली साध्या भूतकाळाबरोबरही चालतो. लेटली मात्र 'हल्ली', त्याला बहुतेक हॅव लागतोच: 'आय हॅवन्ट सीन हिम लेटली'.

'जस्ट नाऊ' भूतकाळाच्या अर्थाने आला तर साधा भूतकाळ: 'ही लेफ्ट जस्ट नाऊ'. एका नाऊने जस्टचा पक्ष बदलतो. आपल्याकडे 'आय हॅव कम जस्ट नाऊ ओन्ली' ऐकू येतं ते 'आत्ताच आलो'मधल्या 'च'साठी. तो 'च' इंग्रजीत जस्टमध्ये आधीच आहे, ओन्ली लावायला नको.

आणि 'आलोच!' याचं भाषांतर 'आय हॅव जस्ट कम' करू नका. आलोच म्हणजे अजून निघालेलोही नाही.

न्यूजर्सीकर

नेव्हरबद्दल एक. 'मी कधीच गेलो नाही' यात मराठीला दोन शब्द लागतात, कधीच आणि नाही. म्हणून माझी आई इकडे आल्यावर 'आय हॅव नेव्हर नॉट सीन स्नो' म्हणाली होती. नेव्हरमध्ये नकार आत शिवलेला आहे हे तिला सांगितल्यावर तिने पुन्हा म्हणून पाहिलं, 'आय हॅव नेव्हर सीन स्नो', आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर पडायला लागला होता.

रानवाटा

आई आवडल्या. माझं मत बदललं नाही, पण पासून आणि अजूनचा भाग मी माझ्या भाचीला पाठवला आहे.

सह्यकडा

मास्तर, ताई, आज खरा मेल टाकतोय, नाव-गाव काढून. तपासून द्या, पाच मिनिटांत पाठवायचाय.

'वी हॅव बीन वर्किंग ऑन धिस सिन्स मंडे. द फर्स्ट रिपोर्ट हॅज ऑलरेडी बीन सेंट. वी स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड द अप्रूव्हल. आय हॅव रिमाइंडेड युअर टीम बिफोर टू डेज.'

मृण्मयी_नाशिक

पहिली तीन वाक्यं उत्तम. तिसऱ्यातल्या स्टिलमध्ये तक्रार ऐकू येते, ती हवी असेल तर ठेवा. नको असेल तर 'वी हॅवन्ट रिसीव्ह्ड द अप्रूव्हल येट'. चौथ्यात टू डेज आहे, म्हणजे तारीख आली. 'आय रिमाइंडेड युअर टीम टू डेज अगो'.

सह्यकडा

येट केलं. पाठवला.